उपासाच्या ताटातले पाहुणे



आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की शेवटची दहा मिनिटं आम्ही एका खेळासाठी राखून ठेवतो. त्याला आम्ही 'नवल' म्हणतो. दर बैठकीला एकीने एक नवलाची गोष्ट सांगायची. इतिहासातली असो, विज्ञानातली असो, भूगोलातली असो. अट एकच, गोष्ट खरी पाहिजे. मोबाईलवर आली म्हणून खरी, असं चालत नाही. कुठल्या पुस्तकात आहे, कोणाकडून कळली, ते सांगावं लागतं. या अटीपायी आमची निम्मी नवलं पहिल्याच फेरीत बाद होतात आणि बाद झालेल्यांवरच जास्त हसणं होतं.

गेल्या वर्षी या खेळापायी आमचं शेंगदाण्याचं एक अख्खं पोतं गेलं. ती हकीकत पुढे सांगतोच. पण ती कळायला आधी उपासाचं ताट मांडावं लागेल.

आषाढी एकादशीच्या आधीची बैठक होती. आमच्यातल्या एका ताईंनी प्रश्न टाकला. संत जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी राहिल्या, तेराव्या-चौदाव्या शतकात. त्यांनी एकादशी धरली असेल तर फराळाला काय खाल्लं असेल? आम्ही सगळ्या एकदम बोललो. साबुदाण्याची खिचडी. बटाट्याची भाजी. भगर आणि शेंगदाण्याची आमटी. रताळ्याच्या गोड फोडी. राजगिऱ्याचा लाडू. सगळं फळ्यावर लिहिलं. मग ताईंनी खडू घेतला आणि एकेक खोडायला सुरुवात केली. साबुदाणा, खोडला. बटाटा, खोडला. शेंगदाणा, रताळं, राजगिरा, खोडले. खिचडीतली हिरवी मिरचीसुद्धा खोडली. फळ्यावर उरली एकटी भगर. मग आम्हीच आठवून आठवून भर घातली. शिंगाडा, सुरण, केळं, नारळ, दूध, दही, तूप.

आमच्या आजी, म्हणजे गटातल्या सगळ्यांत मोठ्या सभासद, म्हणाल्या, "अगं, मग बिचारीने उपास केला तरी कशाचा?"

खोडलेल्या सगळ्या पदार्थांचं माहेर अमेरिका खंडात आहे. आज आपण ज्याला मेक्सिको, पेरू, बोलिव्हिया, ब्राझील म्हणतो, त्या मुलखात ही पिकं हजारो वर्षं होत होती. १४९२ च्या आधी इकडच्या कोणी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं. मध्ये अख्खा समुद्र होता.

हे ओळखतात कसं, असं एकीने विचारलं. पहिली खूण अशी, की पीक जिथलं असतं तिथे त्याचे रानटी भाऊबंद सापडतात. बटाट्याचे रानटी प्रकार अमेरिकेतल्या डोंगरांत खूप आहेत, सह्याद्रीत एकही नाही. दुसरी खूण जमिनीखालची. जुन्या वस्त्या खणल्या की चुलीच्या राखेत, मडक्यांत, थडग्यांत दाणे सापडतात. तिसरी, जुन्या पोथ्या. आपल्याकडच्या जुन्या वैद्यकाच्या ग्रंथांत मिरी आहे, पिंपळी आहे, सुंठ आहे. मिरची नाही.

आणि गंमत म्हणजे ही सगळी उलथापालथ झाली ती आपल्याच मिरीपायी. युरोपात काळी मिरी फार महाग होती आणि ती मलबारच्या किनाऱ्यावरून जायची. मधल्या व्यापाऱ्यांना टाळून थेट इथे पोचायचं म्हणून तिकडचे खलाशी निघाले. कोलंबस पश्चिमेकडून निघाला आणि १४९२ साली अमेरिकेजवळच्या बेटांवर पोचला. आपण आशियालाच पोचलो, असं तो मरेपर्यंत म्हणत राहिला. तिथल्या लोकांना त्याने 'इंडियन' म्हटलं, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मिरी काही त्याला मिळाली नाही. तिखट लागणारी एक शेंग मिळाली, तर त्याने तिलाच मिरीचं नाव दिलं. आपणही पुढे तेच केलं. 'मिरी'वरूनच 'मिरची' झाली.

मग १४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोचला. त्याच्या पाठोपाठ १५०० साली काब्राल नावाचा पोर्तुगीज दर्यावर्दी भारताकडेच निघाला होता, पण त्याची जहाजं फार पश्चिमेला गेली आणि वाटेत ब्राझीलचा किनारा लागला. तिथे थांबून तो पुढे कालिकतला आला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. म्हणजे एकाच राजाच्या हाताखाली इकडे गोवा आणि तिकडे ब्राझील. जहाजांची ये-जा सुरू झाली आणि तिकडची बी-बियाणं आपल्या किनाऱ्यावर उतरू लागली. काजू, पपई, अननस ही नावंसुद्धा पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आली.

बटाट्याच्या नावाची तर वेगळीच मौज आहे. 'बटाटा' हे मुळात रताळ्याचं नाव. कोलंबस ज्या बेटांवर उतरला तिथले लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणायचे. पुढे पेरूकडून दुसरा कंद आला, तोही असाच जमिनीखालचा, म्हणून युरोपातल्या लोकांनी तेच नाव त्याला लावलं. पोर्तुगीजांकडून ते आपण घेतलं. थोडक्यात, धाकटीने थोरलीचं नाव पळवलं आणि थोरलीला आपण रताळं म्हणतो.

पण या दोघी बहिणी मुळीच नाहीत. बटाट्याचं कूळ वांगं, टोमॅटो आणि मिरचीचं. त्यांची फुलं शेजारी शेजारी ठेवून बघा, एका घरातली वाटतात. रताळ्याचं फूल मात्र बेशरमाच्या फुलासारखं. कालव्याच्या कडेला, ओढ्याकाठी जी बेशरमाची झुडपं माजतात, रताळं त्यांच्याच कुळातलं. रताळं हे मूळ आहे आणि बटाटा हे खोड आहे, जमिनीखाली फुगलेलं. म्हणून तर बटाट्याला डोळे असतात आणि प्रत्येक डोळ्यातून कोंब येतो. खोडच ते, त्याला उजेड लागला की हिरवं होतं. त्या हिरव्या भागात आणि कोंबात एक कडू विषारी द्रव्य वाढतं. जास्त पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होतात. हिरवा झालेला बटाटा थोडा असेल तर तेवढा भाग जाड कापून टाकायचा, फार असेल तर अख्खाच टाकायचा. बटाटे अंधारात ठेवायचे ते याचसाठी.

पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर टिटिकाका नावाचं मोठं तळं आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच. बटाटा त्या भागातला. तिथे रात्री कडाक्याचं हिव पडतं आणि दिवसा ऊन लख्ख. तिथल्या बायका-माणसं रात्री बटाटे उघड्यावर पसरतात, ते गोठतात. दिवसा मऊ पडले की पायांनी तुडवून पाणी काढतात. असं काही दिवस केलं की बटाटा सुकून दगडासारखा हलका आणि टणक होतो. तो वर्षानुवर्षं टिकतो. त्याला 'चुन्यो' म्हणतात. आपण उन्हाळ्यात गच्चीवर बटाट्याचा कीस वाळवतो, तेव्हा आपल्याला वाटतं ही आपल्या सासूबाईंची युक्ती.

आता राजगिरा. याची गोष्ट आम्हाला सगळ्यांत जास्त आवडली. मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोकांचं राज्य होतं, तेव्हा राजगिरा त्यांचं मोठं पीक होतं. सणाच्या दिवशी राजगिऱ्याच्या पिठात मध किंवा गोड पाक घालून ते देवाची मूर्ती करायचे, तिची पूजा करायचे आणि मग ती मोडून प्रसाद म्हणून वाटून खायचे. १५२१ साली स्पेनच्या लोकांनी ते राज्य जिंकलं. त्यांना हा प्रकार पसंत पडला नाही. त्यांनी त्या पूजेवर बंदी आणली आणि राजगिऱ्याची शेतीही मागे पडली. पण लोक ते पूर्ण विसरले नाहीत. आजही मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या गोड पाकात घोळून वड्या पाडतात आणि रस्त्यावर विकतात. हुबेहूब आपली राजगिऱ्याची चिक्की. तिचं तिथलं नाव आहे 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. समुद्रापलीकडे देवाचा प्रसाद आणि इथे उपासाला चालणारा पदार्थ. दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही.

साबुदाण्याचं नवल सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, पण अर्धं. मूळ साबुदाणा इंडोनेशिया-मलेशियाकडच्या एका ताडासारख्या झाडाच्या खोडातल्या गरापासून करत. तिकडे त्याला 'सागू' म्हणतात, त्यावरून आपलं 'साबू'. पण आपण खातो तो साबुदाणा त्या झाडाचा नसतो. तो टॅपिओका नावाच्या कंदाचा, आणि हा कंद दक्षिण अमेरिकेतला. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी १८८० च्या दशकात केरळात त्याची लागवड वाढवली, गरिबाला पोटभर मिळावं म्हणून. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरचा माल यायचा थांबला, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलमच्या आसपास या कंदापासून साबुदाणा करायला लागले. आज आपल्या दुकानातला बहुतेक साबुदाणा त्याच भागातून येतो. १९८१ पासून तिथे साबुदाणा करणाऱ्यांची मोठी सहकारी संस्था आहे.

हा कंद कच्चा खायचा नाही. त्यातून सायनाईडसारखं जहाल विष सुटतं. सोलून, किसून, पाण्यात धुऊन, भाजून ते निघून जातं, आणि साबुदाणा करताना हे सगळंच होतं. कंद किसून त्याचं दूध काढतात, ते निवळू देतात, खाली बसलेला पांढरा गोळा फोडून, हलवून हलवून दाणे वळवतात, मग गरम तव्यांवर भाजून उन्हात वाळवतात.

मोबाईलवर दर श्रावणात एक निरोप फिरतो, की साबुदाणा मांसाहारी आहे. आमच्या 'नवल'मध्ये तोही आला होता आणि बाद झाला. साबुदाणा म्हणजे कंदातला निव्वळ स्टार्च. खरी तक्रार करायची तर वेगळीच आहे. त्यात ताकद देणारं दुसरं जवळजवळ काहीच नाही. शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास असतात. खिचडीत कूट घालताना हात आखडू नका, एवढंच आम्ही म्हणू. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी वाटीभर खिचडीने भागवावं, ताटभर नको. तिने रक्तातली साखर झपाट्याने चढते.

मिरचीबद्दल दोनच गोष्टी. मिरचीने तोंड भाजतं असं आपण म्हणतो, पण भाजत काहीच नाही. उष्णता ओळखणाऱ्या ज्या नसा आपल्या जिभेत आणि कातडीत असतात, त्यांना मिरचीतलं द्रव्य फसवतं. त्या मेंदूला कळवतात, चटका बसला. हे कसं घडतं ते शोधून काढलं म्हणून डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञांना २०२१ साली नोबेल मिळालं. पक्ष्यांच्या नसा अशा फसत नाहीत, म्हणून पोपट लाल मिरची मजेत खातो आणि बी दूरवर नेऊन टाकतो. दुसरी गोष्ट कामाची. ते द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. मसाल्याच्या दिवसांत मिरच्यांची देठं काढून हातांची आग होते, तेव्हा नुसतं पाणी ओतत बसू नका. आधी तेल चोळा, मग साबणाने धुवा. तोंडाची आग झाली तर पाण्यापेक्षा दूध-दही बरं.

इथवर आलं आणि बैठकीत वाद पेटला. आजी म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही परक्याचं खाऊन उपास मोडला म्हणायचा का?" दुसऱ्या एका काकूंनी तर भाकरीवर हात ठेवला, "ही तरी आपली आहे ना?" त्यांना काय सांगणार? ज्वारी, बाजरी आणि नाचणी तिन्ही मूळच्या आफ्रिकेतल्या. मात्र त्यांना येऊन हजारो वर्षं झाली. या सगळ्यांत अस्सल इथलं कोण, तर वांगं, तूर, मूग, उडीद, तीळ. आणि नेमकं वांगंच आपण चातुर्मासात वर्ज्य करतो. यावर जे हसणं झालं, ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहिता येत नाही.

उपासाला ही बाहेरची पिकं कशी चालली, याबद्दल आमचा अंदाज असा. उपासाला धान्य खायचं नाही, कंदमूळ-फळं चालतात, असा जुना नेम. जे नवं आलं त्याचं नाव मनाईच्या यादीत नव्हतं आणि ते कंदासारखं किंवा फळासारखं दिसत होतं, म्हणून ते आत आलं. मकासुद्धा अमेरिकेचाच, पण तो धान्य दिसतो, म्हणून बाहेर राहिला. आजींना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, पंढरीच्या वाटेवर जे मिळालं ते वारकऱ्यांनी खाल्लं, नेम मागून झाला. त्यांचंही खरं असेल.

शेंगदाणा मुद्दाम शेवटी ठेवला. त्याची रीत जगावेगळी. फूल लागतं जमिनीच्या वर, पिवळं. फुलाचं काम झालं की त्याच्या बुडातून आऱ्या सुटतात, त्या खाली वाकून मातीत शिरतात आणि शेंग मातीत धरते. भुईमूग खुरपणाऱ्या बाईला आम्ही हे काय सांगावं, आऱ्या सुटल्यावर खुरपं चालवायचं नाही हे तिला लहानपणापासून माहीत असतं. पण झाड वर फुलतं आणि खाली फळतं, हे शहरातल्या पोरांना सांगून बघा. त्यांना खोटं वाटतं.

शेंगदाण्याला तिकडे मानही तसाच होता. पेरूमध्ये सिपान नावाचं गाव आहे. तिथे १९८७ साली एका जुन्या राजाची कबर सापडली, सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीची. त्या राजाच्या गळ्यात शेंगांचा हार होता. सोन्याचांदीच्या शेंगा, टरफलावरच्या जाळीसकट घडवलेल्या, एका बाजूला सोन्याच्या आणि दुसऱ्या बाजूला चांदीच्या. आपल्याकडे बोरमाळ आहे, जवाची माळ आहे. भुईमुगाची माळ कोणी सोनाराला सांगितल्याचं ऐकलं नाही.

आता आमच्या पोत्याची हकीकत.

श्रावणात उपासाच्या लाडवांना आणि चिक्कीला मागणी असते म्हणून आम्ही गटाच्या कर्जातून शेंगदाणे घेतले होते, तीस-तीस किलोची पोती. ती ठेवली होती आमच्याच एका सभासदाच्या खोलीत. पत्र्याला भोक होतं, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. एक पोतं खालून भिजलं आणि तसंच राहिलं. उघडलं तेव्हा कोंदट वास आला आणि बऱ्याच दाण्यांवर हिरवट-पिवळी भुकटी बसलेली. वरचे दाणे मात्र चांगले दिसत होते. पैसे सगळ्यांचे अडकलेले. ज्यांच्या खोलीत पोतं होतं त्या ताई तर रडायलाच लागल्या. प्रत्येकीने उपाय सुचवले. एक म्हणाली, खमंग भाजू, सालं पाखडू, लाडवात गूळ पडल्यावर कोणाला कळतंय. दुसरी म्हणाली, घाण्यावर देऊन तेल काढू. तिसरी म्हणाली, काही नाही तर म्हशीला घालू.

तेव्हा 'नवल'मध्ये महिनाभर आधी सांगितलेली एक गोष्ट कोणाला तरी आठवली. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की, म्हणजे कोंबडीसारखेच पण मोठे पाळीव पक्षी, पटापट मरायला लागले. काही महिन्यांत एक लाखाहून जास्त मेले. रोग कोणता ते कळेना. शोधता शोधता धागा त्यांच्या खाण्यापर्यंत गेला. त्यांना ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड घातली होती आणि त्या पेंडीत बुरशीने केलेलं विष होतं. त्या बुरशीचं नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. त्या नावातली अक्षरं जोडून विषाला 'अफ्लाटॉक्सिन' म्हटलं. ते यकृतावर घाला घालतं. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

इंग्लंड लांब राहिलं. १९७४ साली राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत काविळीसारखी साथ आली. काढणीच्या वेळी अवेळी पाऊस झाला होता आणि भिजलेल्या मक्याला बुरशी लागली होती. घरात खायला दुसरं नव्हतं, लोकांनी तोच मका खाल्ला. ३९७ जण आजारी पडल्याची नोंद आहे, त्यातले १०६ दगावले. घरातलंच उरलंसुरलं खाणारी कुत्रीही मेली होती.

मग तिन्ही उपाय आम्ही एकेक करून तपासले. भाजणं? हे विष चुलीच्या आचेने पुरतं मरत नाही. बुरशी मरते, विष मागे राहतं. घाणा? लाकडी घाण्याच्या तेलात आपण काही शुद्धीकरण करत नाही, विषाचा काही अंश तेलात उतरतो आणि बराचसा पेंडीत राहतो. म्हैस? टर्कीचं काय झालं ते ऐकलंच. शिवाय दुभत्या जनावराने असा दाणा खाल्ला तर विष रूप बदलून दुधात उतरतं आणि ते दूध आपल्याच पोरांच्या पेल्यात येतं. वरचे चांगले दिसणारे दाणे निवडून घ्यावेत, हा चौथा उपाय निघाला. पण विषाला रंग नसतो, आणि पोतं आतून किती ओलं होतं ते आम्हाला माहीत नव्हतं.

पोतं आम्ही खड्डा करून पुरलं. साडेतीन हजारांच्या वर रुपये गेले. ते कोणी सोसायचे यावर पुढच्या बैठकीत एक तास भांडण झालं. शेवटी सगळ्यांवर सारखे वाटले. दोघी अजून त्यावरून नाराज आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं आम्हाला वाटत नाही. पत्रा आधी बघायला हवा होता.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. शेंग घेताना कानाशी धरून हलवतो. नीट वाळलेली असेल तर आतला दाणा खुळखुळतो. मूठभर शेंगा फोडून वास घेतो. पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवत नाही, खाली लाकडी फळ्या टाकतो. पावसाळ्यात एकदम जास्त माल भरत नाही. निवडताना सुरकुतलेले, काळे पडलेले, फुटलेले, बुरशीचे दाणे बाजूला काढतो आणि ते जनावरांनाही घालत नाही. भाजलेला दाणा तोंडात टाकला आणि कडूजहर लागला तर गिळायचा नाही, थुंकून टाकायचा. हे पोरांनाही शिकवलं आहे.

भगरीचंही सांगायला हवं. जनाबाईंच्या ताटात उरलेली ती एकटी, पण तिच्याकडेही लक्ष लागतं. नवरात्रात, महाशिवरात्रीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं. भगरीला, आणि तिच्या पिठाला तर फारच पटकन, ओल धरते आणि बुरशी लागते. म्हणून सुटं पीठ विकत घेऊ नका. तारीख छापलेली बंद पाकिटातली भगर आणा, निवडून धुऊन घ्या, पीठ हवं असेल तर लागेल तेवढंच घरी दळा. मागच्या उपासाचं उरलेलं पीठ या उपासाला काढू नका. शिजवलेली भगर गरम असतानाच वाढा, सकाळची रात्री नको. आणि खाल्ल्यावर कोणाला थरथर किंवा उलट्या सुरू झाल्या तर लिंबूपाणी पाजत वाट बघू नका, थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. सोबत उरलेली भगर किंवा तिचं पाकीट न्या, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

पुढच्या बैठकीचं नवल आजी सांगणार आहेत. सैंधव मीठ डोंगरातून कसं निघतं, असा विषय त्यांनी घेतला आहे. कुठल्या पुस्तकात वाचलं ते विचारायचं नाही, अशी त्यांची अट आहे. आम्ही ती मान्य केलेली नाही.